लाखेच्या तबकड्या



चातुर्मासाच्या आधी घर झाडून-पुसून घ्यायची आपली रीत. यंदा माळ्यावरच्या लाकडी पेटीची पाळी आली. त्यात मामंजींचा गाण्यांचा साठा आहे. 2019 च्या महापुरात सांगलीतल्या आमच्या खालच्या खोल्यांत पाणी होतं, माळ्यावर होती म्हणून ही पेटी वाचली. वर कॅसेट, मध्ये लाँग प्ले रेकॉर्ड, तळाला 78 च्या काळ्या, जड तबकड्या. अलीकडचं वर, जुनं खाली.

लाँग प्लेच्या थरात मी दोन दिवस अडकले. भीमसेनजींचे अभंग, 1974 ची 'शिवकल्याण राजा', आणि 'गीतरामायणा'चा संच. गीतरामायण 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि वर्षभर चाललं, एकूण 56 गीतं. रेडिओवर गायक वेगवेगळे होते, संचात मात्र बाबूजी म्हणजे सुधीर फडके. आमच्या आजेसासूबाई, सगळे त्यांना अक्का म्हणत, हा संच डोळे मिटून ऐकायच्या आणि रावणवधाशी आल्या की हमखास म्हणायच्या, "आपल्या पद्मपुराणात लक्ष्मणानं मारलाय त्याला. रामाच्या हातून हिंसा नाही." मग पुढचं गाणं तितक्याच प्रेमानं ऐकायच्या.

तळातल्या तबकड्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत होत्या, प्रत्येक पानाला एक खिसा. फोटोंच्या आल्बमसारखीच ती वही. गाण्यांच्या संचाला 'आल्बम' म्हणतात ते या वहीवरून. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. नाटकात रंगून वन्समोअर घेणारी बालगंधर्वांची पदं तेवढ्यात आटोपावी लागली, आणि भावगीत तर त्या तीन मिनिटांच्या मापातच वाढलं. हिराबाई बडोदेकरांची एक तबकडी मी हातात घेतली होती, तेवढ्यात नणंदेनं विचारलं, "वहिनी, ही कशाची असते हो? प्लॅस्टिकची नाही वाटत."

लाखेची, मी म्हटलं. तिनं हातातली तबकडी हळूच खाली ठेवली.

पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात. रस पितात आणि अंगाभोवती राळेचं कवच करतात. फांद्या तोडून ते कवच खरवडतात, कुटतात, धुतात. धुताना जे लाल पाणी निघतं तो त्या जिवांचाच रंग, जुना अळता त्याचाच. मग कापडाच्या लांब पिशवीत भरून आगीसमोर पिळतात, वितळलेल्या लाखेचा पातळ पापड ओढतात आणि त्याचे तुकडे करतात. तो चपडा. त्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तबकडी दाबली जाई. सगळं धरून ठेवायचं काम लाखेचं.

एमिल बर्लिनरनं आधी कडक रबराच्या तबकड्या केल्या, 1890 च्या दशकात तो लाखेकडे वळला, आणि पुढची पन्नासेक वर्षं जगभरच्या गाण्याला आपल्या देशातली लाख पुरली. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं, तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबून यायच्या. म्हणजे लाख इथून जाई आणि गाणं होऊन परत येई. कलकत्त्यातच कारखाना निघाला तो 1908 मध्ये.

आता आपल्या बाजूनं पाहू. श्रावकानं टाळायच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य, विषवाणिज्य यांच्या रांगेत लाक्षावाणिज्य आहे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात ते सापडतं, पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतातही. म्हणजे तबकडी जन्माला यायच्या सहाशेहून अधिक वर्षं आधी आपल्याकडे हा विचार झालेला होता. अक्का रेशीम नेसत नसत. तबकडी कशाची हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

नणंदेचं म्हणणं, दशलक्षण पर्वाआधी या घराबाहेर जाव्यात. मला ते पटलं नाही. कृत, कारित, अनुमोदित अशा तीन वाटांनी दोष लागतो. आज नवी तबकडी कुणी करत नाही आणि आपण करवत नाही. राहिलं अनुमोदन. हिराबाईंच्या सुरांना दाद देणं म्हणजे किड्यांच्या मरणाला दाद देणं, असं मी मानत नाही. तिला हे पूर्ण मान्य नाही, आणि तिच्या जागी तीही बरोबर असेल. मी एवढंच म्हटलं, "तबकडी टाकायची तर आधी गळ्यातली बोरमाळ बघ." बोरमाळेचा मणी म्हणजे सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख भरलेली. आपल्या कोल्हापूरकडच्या कितीतरी दागिन्यांचं असंच असतं. चॉकलेटच्या वेष्टनावरचा 904 हा आकडाही बघत जा, ती चकाकी लाखेची.

तबकड्यांतून लाख गेली कशी, तेही ऐका. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली. 1942 मध्ये अमेरिकेनं रेकॉर्ड कंपन्यांच्या वापरावर मोठी कपात लादली, लोकांकडून जुन्या तबकड्या परत मागवल्या जाऊ लागल्या. 1948 मध्ये व्हिनाइलची लाँग प्ले आली, एका बाजूला वीसेक मिनिटांची, सहजी न फुटणारी. आपल्याकडे 78 आणखी वीसेक वर्षं टिकली, मग तीही थांबली. यात दयेचा विचार कुणीच केला नव्हता. स्वस्त आणि सोयीचं मिळालं म्हणून लाख सुटली.

तुमच्याही माळ्यावर अशा तबकड्या असतील तर ओळखायला सोपं: लाखेची जड असते, वाकत नाही, पडली की कौलासारखी फुटते. पुसायला स्पिरिट मुळीच घेऊ नका, लाख त्यात विरघळते. ओलसर मऊ फडकं पुरतं. आणि उभ्या ठेवा.

आमच्या पेटीतल्या तबकड्या तूर्त राहिल्या आहेत. नणंदेनं बोरमाळ काढून कपाटात ठेवली, लाखेशिवाय मणी करून मिळतील का हे ती सोनाराला विचारणार आहे. आणि जाताना गीतरामायणाचा संच मात्र घेऊन गेली.