रोजचा रोख पगार आणि वाण्याची वही: प्लेगकालीन मुंबईतील मजूरटंचाई

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरणी कामगाराला पगार महिन्याने मिळत असे, आणि तोही महिना संपताच नव्हे, तर पुढच्या महिन्याचे दहा-पंधरा दिवस उलटल्यावर. त्यामुळे नव्याने कामावर लागलेल्या माणसाच्या हाती पहिला पैसा पडेपर्यंत जवळजवळ दीड महिना जाई. एवढ्या काळात तो जगत असे तो चाळीच्या तळमजल्यावरच्या वाण्याच्या उधारीवर, किंवा एकटा असल्यास खाणावळ चालवणाऱ्या बाईच्या भरवशावर, आणि ती बाई स्वतःही धान्य त्याच वाण्याकडून उधारीनेच भरत असे. गिरणी आणि कामगार यांच्या संबंधांवर विपुल लेखन झाले आहे, परंतु त्यात किराणा दुकान बहुधा पार्श्वभूमीलाच राहते. वस्तुतः मागे ठेवलेला पगार हे गिरणीला बिनव्याजी वापरायला मिळालेले भांडवल होते आणि त्याचा भार प्रथम वाणी सोसत असे. अर्थात चढा भाव लावून तो कामगाराकडूनच पुरेपूर वसूल करी. १८९६ मध्ये प्लेग आला आणि शहरात मजूर मिळेनासे झाले, तेव्हा ही व्यवस्था किती नाजूक धाग्यावर उभी होती हे दिसून आले.

त्या काळचे गिरणगावातील दुकान म्हणजे जेमतेम एका गाळ्याची जागा. दर्शनी भागात तांदूळ, नाचणी, तूरडाळ आणि मिरच्यांची पोती, एका बाजूला खोबरेलाचा आणि रॉकेलचा डबा, मागे गादीवर मालक आणि त्याच्या मांडीशी लाल कापडात बांधलेली वही. माल पैशा-दोन पैशांचा नेला जाई आणि नोंद खातेदाराच्या नावावर चढे. खातेदाराला लिहिता-वाचता येत नसल्याने वहीतला आकडा हाच पुरावा ठरे. दुकानात राबणारा पोऱ्या बहुधा मालकाच्या नात्यातला किंवा कच्छ-काठियावाडकडील त्याच्याच गावचा असे. तो दुकानात जेवे, रात्री पोत्यांच्या शेजारीच पथारी टाके, आणि त्याच्या कामाला तास नव्हते. उधार कोणाला द्यायचे हे ठरवताना पुष्कळदा जॉबरचा, म्हणजे माणसे कामावर लावणाऱ्या मुकादमाचा, शब्द चाले, कारण उद्या हा माणूस कामावर असेल की नसेल हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसे.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. मांडवी ही धान्याच्या वखारींची वस्ती. गोदीवर उतरलेला भुसार माल, म्हणजे घाऊक व्यापारातील धान्य, तेथे साठवला जाई आणि तेथूनच शहरभरच्या लहान दुकानांना पुरवला जाई. उंदरांना धान्य आणि दाट वस्ती दोन्ही एकाच ठिकाणी मिळाल्याने रोगाने तेथे मूळ धरले, आणि त्यामुळे शहराला पोसणारा बाजारच सर्वांत आधी भयग्रस्त झाला. तेथील व्यापारी आपापल्या मुलखाकडे निघाले, तर कामगार बोटींनी कोकणात आणि आगगाडीने घाटावर गेले. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत शहराची निम्म्याच्या जवळपास वस्ती बाहेर पडली असावी, असा समकालीनांचा अंदाज होता. १८९१ च्या शिरगणतीत ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली. मधल्या काळात परतलेल्यांचा ओघ लक्षात घेतला तर ही घट वरवर दिसते त्याहून पुष्कळ मोठ्या उलथापालथीची खूण ठरते.

शहरात तेव्हा सत्तरच्या आसपास गिरण्या आणि सत्तर हजारांवर कामगार होते. चाती थांबू लागल्या तेव्हा एरवी फाटकावर ताटकळणारे बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी दिवसापुरते घेतले जाणारे, दुर्मीळ झाले आणि गिरण्यांचे लोक नाक्यानाक्यांवर उभे राहून मजुरांसाठी चढाओढीने बोली लावू लागले. याच काळात रोजच्या रोज रोख पगाराची मागणी पुढे आली आणि मालकांना ती मान्य करावी लागली. या मागणीचे सर्वसाधारण स्पष्टीकरण असे की, साथीच्या भीतीने कोणत्याही क्षणी गावी पळावे लागेल अशा स्थितीत महिन्याचा पगार गिरणीत अडकवून ठेवणे कामगाराला परवडणारे नव्हते. ते खरेच आहे. परंतु ज्याची वही बंद झाली, किंवा जो दुकान उघडूनही उद्या दिसेलच याची खात्री नसलेल्या गिऱ्हाइकाला उधार देईना, अशा वाण्याचाही या मागणीशी संबंध असावा असे मानण्यास जागा आहे. उधारी आटली की रोख पैशावाचून चूल पेटणे शक्य नव्हते, आणि मागे ठेवलेल्या पगाराची पद्धत उधारीवाचून एक आठवडाही टिकणारी नव्हती.

मार्च १८९७ मध्ये जनरल गटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. घरझडत्या आणि रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलवणे यांमुळे रोगाइतकीच समितीचीही धास्ती पसरली. मार्च १८९८ मध्ये त्यातून दंगल उसळली. पावसाळ्यात साथ ओसरे, माणसे परतत, दुकानांच्या फळ्या निघत, आणि थंडी सरता सरता पुन्हा तोच क्रम सुरू होई. अशी काही वर्षे गेली. एवढा काळ मजुराच्या बाजूने काटा झुकूनही रोजचा पगार मात्र रुजला नाही. टंचाई सरताच मालकांनी जुनी पद्धत पुन्हा बसवली आणि वाण्यांनी वह्या पुन्हा उघडल्या. कामगारांची संघटना तेव्हा नावापुरतीच होती, हे त्याचे एक कारण. पण परतलेल्या माणसाच्या गाठीशी काहीच नसल्याने त्याला सर्वप्रथम हवी होती ती उधारी, हे दुसरे आणि कदाचित अधिक वजनदार कारण होय.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या महागाईत पगार आणि उधारी यांच्या या साखळीवर पुन्हा ताण आला. १९१८ मध्ये धान्याच्या दुकानांवर जमाव चालून गेले, शरद ऋतूत इन्फ्लुएन्झाने माणसे मेली, आणि काही गिरण्यांनी आपल्याच कामगारांसाठी स्वस्त धान्याची दुकाने उघडली. जी रक्कम पगारात वाढवायची ती धान्याच्या रूपाने देणे मालकांना सोयीचे होते, कारण भाव उतरले की दुकान बंद करता येते, वाढलेला पगार मात्र सहज खाली आणता येत नाही. कामगारांनीही हे ओळखले असावे. जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून अधिक लोक संपावर गेले ते पगारवाढीसाठी.

पगार किती दिवस मागे ठेवता येईल याला कायद्याची मर्यादा पडण्यास १९३६ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या वेतन प्रदान कायद्याने, म्हणजे पगार वेळेवर देण्याविषयीच्या कायद्याने, एक हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना महिना संपल्यापासून सात दिवसांची आणि मोठ्या कारखान्यांना दहा दिवसांची मुदत घालून दिली. पोत्यांशेजारी झोपणाऱ्या पोऱ्याचे कामाचे तास ठरवणारा दुकाने व संस्था कायदा मुंबई प्रांताने १९३९ मध्ये केला. पगाराच्या मुदतीबाबत मात्र, बहुतेक गिरण्या हजारांवर माणसे लावणाऱ्या असल्याने त्यांच्या वाट्याला दहा दिवसांची सवलत आली. पगाराच्या दिवसापर्यंतचे चाळीस दिवस पूर्वीप्रमाणेच वाण्याच्या वहीत लिहिले जात राहिले.