नाना फडणवीस, महाड आणि पीटरहेडचा चित्रकार

नाना फडणवीस महाडला येऊन राहिले होते, हे खुद्द महाडकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल? मला शंकाच आहे. आपल्या भागात इतिहास म्हटलं की रायगड, आणि ते बरोबरच आहे म्हणा. पोलादपूरकर उमरठच्या तानाजींचं आणि परमानंदांच्या समाधीचं नाव घेतात, महाडकर चवदार तळ्याचं आणि १९२७ सालच्या सत्याग्रहाचं. या सगळ्या गर्दीत १७९६ हे एक साल कुठेतरी घरंगळून गेलंय.

झालं होतं असं. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून खाली पडले आणि दोन दिवसांनी गेले. वय अवघं एकवीस. गादीवर कोण, यावरून पुण्यात जी रस्सीखेच सुरू झाली ती वर्षभर पुरली. परशुरामभाऊ पटवर्धन आणि शिंद्यांचे कारभारी बाळोबा तात्या यांनी चिमाजीअप्पाला पुढे केलं. नाना आधी साताऱ्याला, मग वाईला जाऊन बसले. आपल्याला धरायला फौज येतेय असं कळल्यावर ते वाईहून घाट उतरून कोकणात आले आणि महाडला मुक्काम केला. आज आपण महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूरला उतरतो तो रस्ता पुष्कळ नंतरचा. तेव्हा प्रतापगडाच्या पायथ्याचा पार घाट चालता होता. प्रतापगडावर शिबंदी चढवली, घाटवाटा अडवल्या, रायगड लढवायला सज्ज केला, फौज जमवायला घेतली. आणि मग सुरू झालं पत्रांचं राजकारण. महाडला बसून नानांनी शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, निजाम, इंग्रज अशा सगळ्यांशी सूत्रं जुळवली. निजामाशी जो करार झाला त्याला इतिहासाच्या पुस्तकांत ‘महाडचा तह’ म्हणतात. आदल्याच वर्षी खर्ड्याच्या लढाईत निजामाकडून मिळवलेला मुलूख त्याला परत द्यायचा, बदल्यात त्याने बाजीरावाच्या बाजूने उभं राहायचं, असा सौदा. डिसेंबरात दुसरे बाजीराव गादीवर आले आणि नाना पुन्हा पुण्याच्या कारभारात. (ज्या बाजीरावासाठी एवढा खटाटोप केला त्याच्याच अमदानीत नाना वर्षभरात कैदेत पडून नगरच्या किल्ल्यात गेले, ती कथा वेगळी.)

ही हकीगत सविस्तर वाचायची तर जेम्स ग्रँट डफच्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासाकडे जावं लागतं. डफ एरवी नानांना भित्रा म्हणतो, पण या प्रकरणाशी आल्यावर त्याचा सूर बदलतो. महाडच्या दिवसांतल्या नानांच्या हिकमती पाहून सारा हिंदुस्थान चकित झाला आणि त्यावरूनच युरोपियनांनी त्यांना ‘मराठ्यांचा मॅकिआव्हेली’ म्हणायला सुरुवात केली, असं तो सांगतो. म्हणजे शाळेच्या पुस्तकात आपण जे बिरुद पाठ केलं, ते महाडच्या मुक्कामाशी जोडलेलं आहे. हे वाचून मी उगाचच खूश झालो होतो.

पण आज लिहायचंय ते डफबद्दल नाही, नानांच्या चेहऱ्याबद्दल. नाना म्हटले की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा येतो. लांबट, कृश, धारदार नाकाचा, पांढऱ्या पागोट्याखालचा, कशालाच न भुलणारा. पाठ्यपुस्तकात तोच, कॅलेंडरवर तोच, नाटकातल्या नानांचा मेकअपही तोच समोर ठेवून केलेला. हा चेहरा आला कुठून? तर जेम्स वेल्स नावाच्या एका स्कॉटिश चित्रकाराकडून.

वेल्सचा जन्म १७४७ चा, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या पीटरहेड गावचा. आणि डफचा जन्म बॅन्फचा, म्हणजे त्याच किनाऱ्यावर थोडं पलीकडे. आपल्या हिशेबात दोघे शेजारच्या तालुक्यांतलेच! नानांचा चेहरा एकाने दिला, महाडची हकीगत दुसऱ्याने. स्कॉटलंडची इतकी माणसं तेव्हा इकडे का आली, याचं उत्तर साधं आहे. १७०७ साली इंग्लंडशी एकीकरण झाल्यावर कंपनीच्या नोकरीची दारं त्यांना उघडली. घरची जमीन थोडी, शिक्षण बरं आणि ओळखीने नोकरी लावून देणारे देशबांधव लंडनमध्ये बसलेले. कोकणी माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडची माणसंही मुंबईला गेली ती कुणातरी गाववाल्याच्या खोलीवरच.

वेल्स ॲबर्डीनच्या मारिशल कॉलेजात शिकला, पुढे लंडनला आला, तिथे रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात त्याची चित्रं लागली. पण लंडनमध्ये चित्रकार काय थोडे होते? कंपनीची परवानगी काढून १७९१ मध्ये तो मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्याला पोचला. पुण्याचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याला चित्रांचा, लेण्यांचा, जनावरांचा, सगळ्याचाच नाद. त्याने वेल्सला दरबारात नेलं आणि १७९२ मध्ये पेशव्यांचं आणि नानांचं ते प्रसिद्ध तैलचित्र झालं. ते आता लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. सवाई माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे, नाना पन्नाशीचे. मला त्या चित्रात दोघांच्या वयातलं अंतर पाहायला फार आवडतं. पोरगेलेसे पेशवे दागिन्यांत, आणि जवळ बसलेले नाना साध्या पांढऱ्यात. राज्य कुणाचं आणि कारभार कुणाचा हे वेल्सने ओळखलं होतं की आपणच ते चित्रात वाचतो, कोण जाणे. मला विचाराल तर त्याने ओळखलं होतं. त्याच काळात महादजी शिंदे पुण्यात होते. त्यांचंही चित्र त्याने केलं.

आता यातली माणसं कशी गेली पाहा. महादजी फेब्रुवारी १७९४ मध्ये. सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये. वेल्स लेण्यांची रेखाटनं करण्यासाठी साष्टीत हिंडत होता, तिथे आजारी पडून नोव्हेंबर १७९५ मध्ये ठाण्याला वारला. पेशव्यांपाठोपाठ महिन्याभरातच त्यांचा चित्रकारही गेला. नाना १८०० च्या मार्चमध्ये. वेल्स चार-पाच वर्षं उशिरा आला असता तर आपल्याकडे यांतला एकही चेहरा त्याच्या हातचा राहिला नसता.

वेल्सच्या कामाचं पुढे काय झालं, हे त्याच्या मुलीच्या लग्नामुळे ठरलं. मॅलेट विलायतेला परतला आणि १७९९ मध्ये त्याने वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी लग्न केलं. सासऱ्याचे कागद जावयाच्या घरी आले आणि म्हणून वाचले. एका पुणे दरबाराचं मोठं चित्र मॅलेटला हवं होतं. १७९० मध्ये टिपूविरुद्ध पेशवे आणि कंपनी यांचा तह झाला, तो प्रसंग. वेल्सने त्यासाठी चेहऱ्यांची रेखाटनं करून ठेवली होती. ती थॉमस डॅनियलच्या हाती गेली, त्याने लंडनमध्ये चित्र पुरं केलं आणि १८०५ मध्ये ते रॉयल अकॅडमीत मांडलं गेलं. आता ते टेट संग्रहालयाकडे आहे. माझा भाचा लंडनला असतो, त्याने दुवा पाठवला, तेव्हा संगणकावर मोठं करकरून मी संध्याकाळभर ते पाहत बसलो. शनिवारवाड्यातला गणपती रंगमहाल, खांबांच्या रांगा, गर्दीने बसलेले सरदार. तो महाल १८२८ च्या आगीत वाड्याबरोबर गेला. तह झाला तेव्हा वेल्स पुण्यातच नव्हता, तो आला दोन वर्षांनी. म्हणजे प्रसंग ऐकीव, पण चेहरे समोर बसवून काढलेले.

याच्या उलट उदाहरण पाहायचं तर डेव्हिड विल्कीचं. हाही स्कॉटिश, आणि वेल्सपेक्षा कितीतरी नावाजलेला. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर जनरल बेअर्डला टिपूचा मृतदेह सापडतो, असं त्याचं अवाढव्य चित्र आहे, १८३९ चं. बेअर्डच्या विधवेने सांगून करवून घेतलेलं. विल्की हिंदुस्थानात कधी आला नाही. त्या चित्रातला उजेड कसा बेअर्डवरच पडतो ते पाहावं, टिपू पायाशी पडलेला. टिपूच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली म्हणून १९९९ साली एडिंबरोला टिपू आणि स्कॉटिश लोक याच विषयावर राष्ट्रीय कलादालनात खास प्रदर्शन भरलं होतं. विजेत्याच्या घरी टांगायला केलेली चित्रं दिमाखदार असतात. वेल्सची तशी नाहीत, कारण १७९२ मध्ये पुण्यात इंग्रज अजून विजेता नव्हता. तो वकील म्हणून दारात उभा होता आणि नानांच्या मर्जीवर त्याचं पुष्कळ काही अवलंबून होतं. समोरच्या माणसाला बरोबरीचा मानूनच ते चित्र काढावं लागलं.

आणि एक माणूस राहिला. गंगाराम चिंतामण तांबट. पुण्याचा. वेल्स येण्याच्या आधीपासून तो मॅलेटसाठी काम करत होता. नोव्हेंबर १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं त्याने केलेलं चित्र आहे, अगदी चामडीच्या घड्यांसकट. मग तो वेल्सच्या हाताखाली आला. वेरूळची लेणी त्याने रेखाटली, आणि मॅलेटने वेरूळवर जो लेख छापला त्यात गंगारामचं नाव आहे. पण १८०३ मध्ये डॅनियलने वेरूळची चोवीस चित्रं छापून काढली, त्या सुंदर पुस्तकावर नावं फक्त वेल्स आणि डॅनियल यांची. गंगारामची चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत, वेल्सच्या कागदांशेजारीच. २०११ मध्ये तिथे एक प्रदर्शन झालं त्यात गुरू-शिष्य दोघेही मांडले होते. दोनशेहून जास्त वर्षांनी का होईना, तांबटांच्या गंगारामचं नाव भिंतीवर लागलं. मला त्या गेंड्याबद्दल फार आत्मीयता वाटते, का ते सांगता येणार नाही.

हे सगळं आपल्याजवळ काय आहे, असा प्रश्न येतोच. वाईजवळ मेणवलीला नानांचा वाडा आहे, भिंतीवरच्या रंगचित्रांसह. पोलादपूरहून सकाळी निघालं तर घाट चढून पाचगणीवरून उतरत दुपारपर्यंत पोचता येतं, आणि मुलांना घेऊन जरूर जावं. नानांच्या कागदांचं मेणवली दफ्तर वाचलं, त्यावर पुष्कळांनी काम केलं. महाडात मात्र त्या मुक्कामाची खूण म्हणून दाखवावं असं माझ्या पाहण्यात काही आलं नाही. जुन्या घरांतल्या पेट्या, फोटो, कागद सावित्रीच्या पुराने वेळोवेळी नेले. २०२१ च्या जुलैतला पूर तर आपल्यापैकी अनेकांनी माळ्यावर बसून काढला. आमच्या आत्याकडे पेशव्यांच्या त्या चित्राची एक जुनी छापील प्रत चौकटीत होती, ती त्यातच गेली. भाच्याने पाठवलेल्या चित्राची रंगीत प्रत आता मी छापून घेतली आहे. आत्याच्या नव्या घरात लावायची आहे, पण खिळा ठोकायला ती देत नाही, रंग ताजा आहे म्हणून.