गिरणीच्या हजेरीपटातून स्त्रिया कुठे गेल्या?

१/ १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांतील दर पाच कामगारांपैकी साधारण एक स्त्री होती. १९८२ चा संप सुरू झाला, तेव्हा गिरण्यांत स्त्रिया नावापुरत्याच उरल्या होत्या. मधल्या साठ वर्षांत त्या कुठे गेल्या? आजचा थ्रेड या प्रश्नाविषयी. 🧵

२/ कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा हा सारा परिसर ‘गिरणगाव’ झाला. मजूर आले ते मुख्यतः रत्नागिरी, सातारा आणि घाटावरून. पुष्कळांचे कुटुंब गावीच राहिले. शेती, म्हातारे आईबाप, पोरेबाळे हे सारे बायकोने पाहायचे आणि मनिऑर्डरीची वाट बघायची.

३/ हे लक्षात घेतल्याशिवाय गिरणीचे अर्थकारण उमगत नाही. मजुरी एकट्या माणसाच्या पोटापुरती दिली तरी चालत असे, कारण उरलेल्या कुटुंबाचा भार गावची शेती आणि तिथली स्त्री उचलत होती. मालकाच्या वहीत तिचे नाव कधीच नव्हते. नफ्यात मात्र तिच्या श्रमाचा वाटा होता.

४/ ज्या स्त्रिया मुंबईत आल्या, त्यांत विधवा, परित्यक्ता आणि नवऱ्याच्या एकट्याच्या मजुरीत न भागणाऱ्या घरांतील बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांना काम मिळे ते रीलिंग आणि वाइंडिंग खात्यांत, म्हणजे सुताच्या लडी करणे आणि सूत गुंडाळणे. त्यांच्यावर देखरेख नायकिणीची. कामावर घेणे, काढणे आणि त्यासाठी हात ओले करून घेणे हे तिच्याच हाती असे.

५/ मजुरीतला फरक किती? १९२१ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने गिरण्यांतील मजुरीची पद्धतशीर पाहणी केली. तीत स्त्रियांची सरासरी कमाई पुरुषांच्या निम्म्याच्या आसपास भरली. स्त्रीची कमाई म्हणजे घराला ‘जोड’, हे गृहीतच धरलेले होते. ती एकटीच घर चालवत असली तरीसुद्धा!

६/ विषमता केवळ स्त्री-पुरुषांत नव्हती. विणकाम खात्यात मजुरी चांगली, पण तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि सवर्ण कामगारांना त्यात विटाळ वाटे. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला.

७/ त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही त्याचा भार उचलला पाहिजे, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. १९२९ मध्ये कायदा झाला.

८/ पुढे जे घडले ते या कायद्याला अभिप्रेत नव्हते. प्रसूती लाभाचा खर्च मालकावर पडू लागला, तसा ‘स्त्री कामगार महाग’ हा युक्तिवाद बळावला. त्याआधीपासूनच स्त्रियांना कारखान्यात रात्री काम करण्यास बंदी होती. गिरण्या रात्रपाळीत चालू लागल्यावर, तिन्ही पाळ्यांत फिरवता येणारा पुरुष मालकांना अधिक सोयीचा वाटू लागला.

९/ मग सारा दोष कायद्यांचाच का? नाही. चीनला जाणारे सूत लडी करून पाठवले जाई. तो व्यापार आटला आणि रीलिंगचे काम घटले. वाइंडिंगमध्ये वेगवान यंत्रे आली. कमी माणसांत जास्त काम उरकणाऱ्या ‘रॅशनलायझेशन’मध्ये सर्वांत आधी आकसली ती स्त्रियांची खाती. पुरुषांच्या खात्यांची दारे त्यांना उघडली गेली नाहीत.

१०/ कामगार संघटनाही या बाबतीत निर्दोष नव्हत्या. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या लढाऊ स्त्रिया चळवळीत होत्या. मोर्चात बायका पुढे असत. परंतु वाटाघाटींच्या केंद्रस्थानी राहिला तो ‘कुटुंबाचा पोशिंदा’ पुरुष. त्याला पुरेसे वेतन मिळावे ही मागणी न्याय्यच होती. मात्र तिच्या सावलीत बाईची नोकरी दुय्यम ठरली.

११/ गिरणीबाहेर पडलेल्या स्त्रियांचे काम थांबले नाही, फक्त ते मोजले जाणे थांबले. कुणी भाजी विकली, कुणी धुणीभांडी केली, कुणी खानावळ चालवली. एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळ जेवण, पैसे मात्र पगार झाल्यावर. संपात पगार थांबे, पण जेवण थांबवणे कठीण. वाण्याची उधारी मग खानावळवालीच्या अंगावर पडे.

१२/ मूळच्या गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिक प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले ते याच स्त्रियांसाठी. सावकाराऐवजी बँकेचे कर्ज हा त्यांचा आग्रह होता. बँकेच्या दारात खानावळवालीला उभे करणे म्हणजे तिचे काम हा व्यवसाय आहे, हे मान्य करायला लावणे होते.

१३/ १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. चुली पेटत्या ठेवल्या त्या पुन्हा बायकांनीच, पडेल ते काम करून.

१४/ पुढे गिरणी कामगारांना घरे देण्याची योजना आली. पात्रता कोणती? १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर गिरणीत नोकरीला असल्याचा पुरावा. अट व्यवहार्य आहे. पण त्याच गिरणगावाला वीस वर्षे जेवू घालणारी बाई त्या अटीत बसत नाही. १९३० च्या दशकात काम गेलेली रीलिंगवाली तर नाहीच नाही.

१५/ आपण इतिहासाचे विद्यार्थी कागदावर विसंबतो, आणि हजेरीपट हा उत्तम कागद आहे. मात्र त्यावर कुणाचे नाव लागावे, हेही कुणीतरी ठरवलेले असते. तुमच्या घरात गिरणगावची आजी किंवा पणजी असेल, तर आजोबांच्या गिरणीचे नाव विचारून थांबू नका. ‘तेव्हा तू काय काम करायचीस?’ हेही विचारा, आणि उत्तर लिहून ठेवा.