गर्भिणींचा पांडुरोग आणि पालेभाजीचें सत्त्व

गर्भारपणीं चेहरा पांढुरका पडला, जिना चढतांना धाप लागूं लागली, कीं घरांतील वडील माणसांना पांडुरोगाची शंका येते आणि लोहयुक्त औषध सुरू होतें. बहुधा तें योग्यच असतें. परंतु शंभर वर्षांपूर्वीं मुंबईच्या कापडगिरण्यांतील अनेक गर्भिणींना जो पांडुरोग ग्रासीत होता, तो निराळा होता. लोहाच्या उणिवेनें तांबडे रक्तकण लहान होतात. या स्त्रियांचे रक्तकण उलट अवास्तव मोठे असत. कित्येकींचा तो प्राणच घेई.

या रोगाचें मूळ शोधण्यासाठीं १९२८ सालीं डॉ. लूसी विल्स इंग्लंडांतून मुंबईस आल्या. प्रथम त्यांनीं रोगजंतूंचा शोध घेतला. ते सांपडले नाहींत. मग त्यांचें लक्ष रोग्यांच्या ताटाकडे गेलें. त्यांत फळें आणि भाजीपाला अगदींच अपुरा होता. तसाच आहार उंदरांना देऊन त्यांनीं प्रयोग केले, आणि अखेर या स्त्रियांना मार्माइट दिलें. बिअरच्या भट्टींत उरणाऱ्या यीस्टचा हा स्वस्त अर्क. त्यानें रोगी स्त्रिया सुधारूं लागल्या. हा अनुभव १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें असेंही दिसलें कीं, दुसऱ्या एका घातक पांडुरोगावर गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध अर्क येथें चालत नाहीं. अर्थात् यीस्टमधील सत्त्व कांहीं वेगळेंच होतें.

तें सत्त्व १९४१ सालीं अमेरिकेंत हातीं आलें, तेंही चार टन पालकांतून! लॅटिन भाषेंत पानाला ‘फोलियम’ म्हणतात. त्यावरून त्याला फोलिक आम्ल हें नांव मिळालें. १९४५ सालीं तें प्रयोगशाळेंत तयार करणाऱ्या मंडळाचे प्रमुख होते आंध्रांतील भीमवरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

भारत सरकारनें १९७० सालीं गर्भिणींना लोह व फोलिक आम्ल यांच्या गोळ्या देण्याची योजना आंखली. १९९१ सालीं सात देशांतील तेहतीस केंद्रांच्या प्रयोगाचा निष्कर्ष आला: ज्या मातांचें आधींचें मूल मज्जारज्जूचें वा मेंदूचें व्यंग घेऊन जन्मलें होतें, त्यांनीं गर्भधारणेपूर्वींपासून फोलिक आम्ल घेतल्यास त्या व्यंगाची पुनरावृत्ति ७२ टक्क्यांनीं टळते.

येथेंच खरी अडचण आहे. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. तोंवर पुष्कळ स्त्रियांना आपण गर्भवती आहों हें ठाऊकही नसतें. दवाखान्यांत नांव नोंदविल्यावर हातीं येणारी गोळी रक्तासाठीं उपयोगी पडेल, पण या व्यंगासाठीं तिला उशीर झालेला असतो.

आणि रक्ताचें तरी काय? २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ५२.२ टक्के गर्भिणी पांडुरोगी आढळल्या. त्याचीं कारणें अनेक आहेत. लोहाची उणीव हें त्यांतील मोठें. औषध सांपडलें, योजना झाली, तरी निम्म्याहून अधिक मातांचें रक्त उणेंच राहिलें. म्हणून सून वा लेक संसाराला लागतांच डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करावी, आणि घरांतील पालेभाजी सर्वांना वाढून झाल्यावर तिच्यासाठीं किती उरते, हेंही एकदां पहावें.