वऱ्हाडातली मांजरमोजणी

माणसांची शिरगणती होते, गुराढोरांची होते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण आपल्या वऱ्हाडात एकेकाळी मांजरेही मोजली गेली होती, असे म्हटले तर चटकन खरे वाटणार नाही. ही गोष्ट विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. मोजणी करवून घेणारा कुणी हौशी मांजरवेडा नव्हता. ते होते अमरावतीचे सिव्हिल सर्जन, लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन. आणि त्यांना मांजरे मोजावीशी वाटली ती माणसे मरत होती म्हणून.

तो काळ प्लेगचा. १८९६ साली मुंबईत, मांडवी भागात, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला आणि बघता बघता तो देशभर पसरला. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करताच गेल्या. त्याच वर्षी २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, ती प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमामुळे. सरकार घरे धूत होते, सामान जाळत होते, माणसांना छावणीत नेत होते. पण रोग नेमका येतो कसा, हे उमगत नव्हते. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले, की उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसापर्यंत आणते. त्याचे म्हणणे सर्वांना पटायला पुढे काही वर्षे गेली.

खेड्यातल्या माणसाला मात्र एवढे कळत होते, की घरात उंदीर पटापट मरून पडू लागले की गाव सोडायचे. शेतात खोपी घालायच्या आणि साथ ओसरेपर्यंत तिथेच राहायचे. आपल्याकडची घरे कुडाची, मातीची, वर कवेलू नाहीतर धाबे. आत ज्वारीच्या कणग्या, कोपऱ्यात कापसाचा ढीग, सरकीची पोती. उंदरांना आणखी काय हवे?

अशा वेळी ब्युकॅननसाहेबांनी आपल्या जिल्ह्यातल्या गावांमध्ये किती घरांत मांजर आहे, याची मोजदाद करवली आणि त्या आकड्यांशेजारी प्लेगचे आकडे मांडले. त्यांच्या मते निष्कर्ष सरळ होता. जिथे घरोघरी मांजर, तिथे प्लेग नाही किंवा नावापुरता. जिथे मांजरे तुरळक, तिथे मरणे फार. १९०८ साली त्यांनी हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडले. मांजर हे प्लेगचे निवारण करणारे जनावर आहे, असाच त्या लेखाचा आशय होता. त्याच वर्षी जपानला गेलेल्या रॉबर्ट कॉख यांनीही प्लेगसाठी मांजरे पाळण्याचा सल्ला दिला. क्षयाचा जंतू शोधणारे, नोबेल मिळालेले कॉख ते हेच. वऱ्हाडातल्या चुलीपाशी बसणारे मांजर असे थेट जगाच्या वैद्यकचर्चेत जाऊन पोचले.

आपला वाशिम तेव्हा अमरावतीला लागून असलेल्या अकोला जिल्ह्यात होता. इंग्रजी अमदानीत वाशिम हा आधी स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला गेला आणि पुन्हा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ हा दिवस उजाडावा लागला. म्हणजे ही मोजणी आपल्या वेशीबाहेरची नव्हे. घरे तीच, कणग्या त्याच आणि मांजरेही तीच.

आता या हिशेबात एक उणीव होती. मांजर आणि प्लेग यांचे आकडे शेजारी मांडले, तरी एकामुळेच दुसरे घडले असे सिद्ध होत नाही. ज्या गावात धान्य नीट झाकलेले, घरे मोकळी, त्या गावात उंदीर मुळातच कमी असू शकतात. पण मला त्याहून मोठी उणीव वेगळीच वाटते. मांजर प्लेगपासून माणसाला वाचवते का, हे विचारले गेले. मांजराला प्लेग होतो का, हे त्या हिशेबाच्या केंद्रस्थानी नव्हते. आज आपल्याला ठाऊक आहे, की मांजराला प्लेग होतो, चांगलाच होतो. रोगट उंदीर खाऊन ते आजारी पडते आणि त्याच्यापासून माणसालाही बाधा होऊ शकते. २०२४ साली अमेरिकेत ओरेगॉन राज्यात एका माणसाला प्लेग झाला, तो बहुधा त्याच्या आजारी मांजराकडून, असे तिथल्या आरोग्य खात्याने सांगितले. आपल्याकडे १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि पाठोपाठ सुरतेत प्लेगने डोके वर काढले होते, हेही विसरून चालणार नाही. सांगायचे एवढेच, की पहारेकरी आजारी पडला तर पहाराच धोक्याचा होतो.

आणि नेमके इथेच आपण चुकत आलो. मांजर आपल्या घरात आले ते कामासाठी. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. एवढा जुना हा शेजार. धान्य साठले, उंदीर आले, उंदरांमागे मांजर आले. त्याला कुणी बांधून आणले नाही, म्हणून त्याचे काही करावे लागते असेही कुणाला वाटले नाही. "मांजर आपलं आपण पाहून घेतं," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो आहे. माझी नानी घरातल्या मांजरीला सकाळी भाकरीचा तुकडा टाकायची, तर शेजारच्या बाया म्हणायच्या, "आपा, पोट भरलं तर उंदीर कशी मारीन ते?" नानी म्हणायची, "उंदीर मारणं तिचा स्वभाव आहे, भूक नव्हे." अभ्यासक आज तेच सांगतात. मांजराची शिकारीची ओढ भुकेवर अवलंबून नसते. पोट भरलेले मांजरही दबा धरते. उपाशी ठेवून त्याची फक्त ताकद जाते.

आपल्या दुसऱ्या एका समजुतीचेही तसेच. मांजरी पिल्ले सात घरी फिरवते, असे आपण म्हणतो आणि हसतो. त्यात रीत-भात काही नाही, भीती आहे. जागा उघडी पडली, पोरे डोकावू लागली, बोका फिरकला, की ती पिल्ले उचलते. तिला कोपऱ्यात अंधारी, कोरडी जागा द्या आणि आठ-दहा दिवस कुणी हात लावू नका, तर तिला सात घरांची गरज पडत नाही. मात्र डोळे उघडून पिल्ले चालू लागली, की त्यांना रोज हळूच हाताळावे. दोन ते सात आठवड्यांच्या त्या काळात ज्याला माणसाचा हात कळला, ते पुढे माणसाळते. नाही कळला, तर जन्मभर बुजते.

मांजर दुखणे लपवते. ते स्वतः शिकारी असले तरी त्याच्यापेक्षा मोठ्यांची शिकारही आहे; दुबळेपणा दिसला की जीव जातो, हे त्याच्या रक्तात आहे. गुरगुरते म्हणजे खुशीत आहे, असेही नेहमी नसते. वेदनेतही ते गुरगुरते. म्हणून त्याची वागणूक हीच त्याची नाडी. अचानक कोपऱ्यात जाऊन बसणे, अंग चाटणे सोडून देणे, भलत्याच जागी मुतणे, हा खोडसाळपणा नसून बहुतेकदा आजार असतो. दोन दिवस खाल्ले नाही तर थांबू नये. बोका पुन्हा पुन्हा मुतायला बसतो आणि थेंबही येत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लघवी तुंबून तो दगावतो.

काही गोष्टी कानाला खडा लावून लक्षात ठेवाव्यात. आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे. एका गोळीने ते मरू शकते. शेतातल्या उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड टाकले असेल, तर मेलेले उंदीर गोळा करून पुरावेत, नाहीतर ते खाऊन मांजर जाते. मोठ्या मांजराला दूध हवेच असते हाही गैरसमजच. अनेकांना ते पचत नाही, हगवण लागते. त्याला हवे मांस, मासळी, अंडे, आणि स्वच्छ पाणी. मांजर मुळात वाळवंटाकडचे, पाणी कमी पिते, म्हणून उन्हाळ्यात पाण्याच्या दोन-तीन वाट्या घरात असाव्यात. पिलू दोन महिन्यांचे झाले की मांजरांच्या रोगांची एकत्रित लस आणि तीन महिन्यांचे झाले की रेबीजची, हे चुकवू नये. मांजर चावले किंवा बोचकारले, तर साबणाने वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटे जखम धुऊन दवाखाना गाठावा. आणि मांजरी सुमारे नऊ आठवड्यांत विते, वर्षातून दोन-तीनदा. पिल्ले पोत्यात घालून गावाबाहेर सोडण्यापेक्षा तिची नसबंदी करणे हे जास्त माणुसकीचे आहे.

असे सोडणे हा गुन्हाही आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात पाळीव जनावराला उपाशी ठेवणे, वाऱ्यावर सोडणे याला शिक्षा सांगितली आहे. कायद्याच्या फार आधी हे धर्मांनीही सांगितले. हदीसमध्ये एका बाईची गोष्ट येते. तिने मांजर कोंडून ठेवले, खायलाही दिले नाही आणि स्वतःचे शोधून खायला सोडलेही नाही; त्यासाठी तिला नरक मिळाला. आणि आपल्या गावातल्या हिंदू आयाबाया सांगत आल्या, की मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून दान द्यावे लागते. दोन वाटांनी आलेली समज एकच आहे. फरक एवढाच, की मारण्याचे पाप आपण लक्षात ठेवले आणि दुर्लक्षाचे विसरलो.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बैल-म्हशींच्या रांगेत कुणी झाकणाच्या टोपलीत मांजर घेऊन उभा राहिला, तर लोक अजून हसतात. हसू द्यावे. २०१९ ची विसावी पशुगणना झाली, तीत गाय, म्हैस, शेळीबरोबर कुत्रा मोजला गेला, ससा मोजला गेला, हत्तीही मोजला गेला. मांजराला त्यात रकानाच नव्हता. प्लेगच्या दिवसांत ज्याला घरोघरी जाऊन मोजले, ते गरज सरल्यावर हिशेबातून गेले. सरकारी कागदावर त्याचे नाव येईल तेव्हा येवो. आपल्या घरापुरता रकाना आपण आजच आखू शकतो: मांजर एक, लस टोचली, पोट भरलेले.