मानशीचे दार : गोव्याच्या खाजनांतील पाण्याची वाटणी

मांडवी व जुवारी या नद्यांत समुद्राची भरती दूरवर आत शिरते. या खाऱ्या पाण्याखाली जाणारी दलदल बांध घालून लागवडीस आणण्याचे कार्य गोव्यातील ग्रामसंस्थांनी पोर्तुगीज अमलापूर्वीच आरंभिले होते. हीच खाजन जमीन. तिचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर भरते. इ. स. १५२६ मध्ये आफोंसु मेशियाच्या फोरालने या संस्थांचे रूढ व्यवहार प्रथम राजकीय दप्तरात नोंदविले. तेव्हापासून गावकारीची चर्चा बहुधा जमिनीच्या व महसुलाच्या अंगाने होत आली. पाण्याची वाटणी त्यामानाने उपेक्षितच राहिली.

चिखल, पेंढा व जांभा दगड यांच्या बांधात ठिकठिकाणी मानस बसविलेली असते. मानस म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरती आली की नदीचेच पाणी झडप दाबून बंद करते आणि ओहोटीला आतले पाणी ती ढकलून बाहेर पडते. मनुष्याचा हात लागतो तो पाणी मुद्दाम आत घ्यावयाचे असेल तेव्हा. या पाण्याबरोबर मासे व कोळंबी आत येतात आणि ओहोटीच्या वेळी दाराशी लावलेल्या जाळ्यात सापडतात. भातशेती करणाऱ्यास खारे पाणी नको असते, मासेमारास ते हवे असते, मिठागरवाल्यास ते पावसाळा सरल्यावर हवे असते. दार मात्र एकच!

यावर गावकारीने काढलेला तोडगा मोठा व्यवहारचतुर होता. मानशीवरील मासेमारीचा हक्क पावणीला काढावयाचा आणि त्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी करावयाची. बोली जिंकणाऱ्यास जाळे लावता येई, पण पीक उभे असताना दार उघडे ठेवणे हा त्याचा अधिकार नव्हे. मासेमाराच्या पैशावर शेतकऱ्याचा बांध टिके आणि बांध टिके म्हणूनच मासेमारास मानस मिळे. या व्यवस्थेचे गुणगान करताना एक गोष्ट विसरू नये : तिच्यात शब्द चाले तो गावकारांचा. चिखलात उभे राहून बांध घालणाऱ्या मजुरास त्या बैठकीत स्थान नव्हते.

म्हणूनच १९६४ चा कूळकायदा व कुळांना मालकी देणारी १९७६ ची दुरुस्ती न्याय्य होती, असे आमचे मत आहे. परंतु बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली आणि पावणीचा पैसा व बांधाची दुरुस्ती यांची जुनी सांगड अनेक गावी सैल पडली. त्याच काळात मासळीचे मोल चढले. दार अधिक वेळ उघडे राहिले तर जाळ्यात अधिक मासळी येते. पण वेगाने शिरणारे पाणी बांधाचा पाया उकरते आणि शेतात मीठ उतरते. खनिजवाहू बार्जींच्या लाटांनी नदीकाठचे बांध खचले, ते निराळेच. लाटांचा जोर मोडणारी खारफुटी जेथे तुटली, तेथे हानी अधिक झाली.

किनारी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेने खाजनांचे नकाशे करण्यास सांगितले, तेथे विकासकामे करण्यास मनाई केली आणि खारफुटीला संरक्षण दिले. हे इष्टच झाले. तथापि खाजनाचे दैनंदिन भवितव्य मानशीच्या दाराशी ठरते. शेत पडीक राहिले की मासेमारीचे उत्पन्न वाढते आणि दार वेळेवर लावा, असे सांगावयास त्या बांधावर शेतकरी उरत नाही.