खडा आणि खड्याचं घर

मागच्या वेळी आपण १५ जुलै १८८२ पाशी थांबलो होतो. त्या दिवशी बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुखनं रोग्याचं पित्ताशय पहिल्यांदा काढलं. त्याचं म्हणणं असं, की पित्ताशय काढायचं ते त्यात खडे आहेत म्हणून नव्हे, ते खडे तयार करतं म्हणून. आम्ही आयुष्यभर कार्यकारणभाव शिकवला, पण इतकं नेटकं उदाहरण वर्गात कधी सुचलं नाही.

आता यकृतातले खडे घ्या. जपान, कोरिया, चीन, तैवान इकडचा हा जुना आजार. यकृत काही अख्खं काढता येत नाही. मग लांगेनबुखचं सूत्र चालवायचं कसं? मोठं पोट न फाडता करायच्या दोन वाटा निघाल्या. पहिलीत त्वचेतून, यकृतातून थेट पित्तनलिकेत नळी घालतात, ती वाट हळूहळू रुंद करतात, मग दुर्बीण आत नेऊन खडे फोडून काढतात. यकृत शाबूत राहतं. पण नलिका जिथं आवळलेली असते ती जागा फुग्यानं रुंदावली तरी पुन्हा आवळू शकते. पित्त साचतं, खडे परत धरतात. दुसरी वाट १९९० नंतरची: पोटाला छोटी भोकं पाडून दुर्बिणीनं यकृताचा खराब भागच काढायचा, बहुधा डावीकडचा. खड्याबरोबर त्याचं घरही जातं. अशा नलिकांत पुढे कर्करोगाची जी भीती असते, तीही कमी होते.

म्हणजे दुसरीच बरी? थांबा. खडे दोन्ही बाजूंना पसरलेले असले, किंवा यकृत आधीच थकलेलं असलं, तर कापणार काय? तिथं पहिलीच वाट, पुन्हा पुन्हा यावं लागलं तरी.